भाताचा अंदाज

डब्लिन, ओहायो

मेधाच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की या घराला वास नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, आत हीटरची कोरडी ऊब, गालिचा स्वच्छ, देव्हाऱ्यात गणपती, सगळं जागच्या जागी. पण हिंगाचा, लसणाचा, सकाळच्या आमटीचा, कशाकशाचा म्हणून वास नाही. माझा जन्म वासात गेलेला. मिरजेत मेडिकलच्या मुलामुलींसाठी माझी खानावळ आहे, आणि माझ्या पदराला कायम फोडणीचा वास येतो असं माझी सून तोंडावर सांगते. त्यामुळे बिनवासाचं घर म्हणजे मला कुणी राहतच नसलेलं घर वाटतं. मी तसं बोलूनही दाखवलं. मेधा म्हणाली, "ताई, आधी बूट काढ, मग नावं ठेव."

मी इकडे आल्यापासून आमच्या वाचनालयातल्या मैत्रिणी मागे लागल्या आहेत, अमेरिकेचं लिही म्हणून. त्यांना उंच इमारती हव्यात आणि तो मोठा धबधबा हवा. मी दोन्ही पाहिलं नाही. माझी अमेरिका म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं घर, एक शाळेची तालीम आणि एक प्रचंड मोठा हॉल. जे पाहिलं तेच लिहिते.

मेधा माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तिची वेणीफणी मीच केली. लग्न होऊन ती इकडे आली, नोकरीला लागली, ईशा झाली. ईशा पहिलीत असताना मेधाचा नवरा नितीन गेला. सकाळी दारातला बर्फ काढायला गेला तो परत आत आलाच नाही. छातीत कळ आली आणि तिथेच फावड्याशेजारी बसला. आम्ही सगळ्यांनी फोन करकरून तिला परत ये म्हणून सांगितलं. मी सर्वांत जास्त सांगितलं. ती नाही आली. नोकरी तिची स्वतःची होती, घर दोघांनी घेतलेलं होतं, आणि ईशाला तिच्या वर्गातून उठवायची तिची तयारी नव्हती. तेव्हापासून त्या दोघीच.

मी बॅग उघडली. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, कैरीचं लोणचं. विमानतळावरच्या माणसाने मेतकुटाची पुडी नाकाशी धरून संशयाने माझ्याकडे पाहिलं होतं, तरी ती सुखरूप आली होती. मेधाने एकेक डबा हातात घेतला, झाकण न उघडता हुंगला आणि सगळं उचलून गराजकडे निघाली.

"अगं, कुठे चाललीस?"

"राग मानू नकोस ताई. गराजच्या कपाटात ठेवते. ईशा आली की तिला वास येईल. सीझन चालू आहे."

सीझन म्हणजे कुस्तीचा. हो, माझी भाची कुस्ती खेळते. इथे शाळाशाळांतून मुलींच्याही कुस्त्या होतात आणि ईशा या राज्यातल्या पहिल्या दोघींमध्ये आहे. सुरुवातीला मेधाने आम्हाला जिम्नॅस्टिक्स म्हणून सांगितलं होतं. आमची आई जाईपर्यंत नात जिम्नॅस्टिक्स करते असंच समजत होती, आणि शेजारणींना सांगत होती की अंगाला चांगलं वळण लागतं.

कुस्तीत वजनाचे गट असतात. आपल्या गटाच्या आकड्याच्या वर काटा केसभर जरी गेला, तरी त्या दिवशी आखाड्यात पाऊल टाकता येत नाही. गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत ईशा शेवटच्या कुस्तीत हरली होती. हे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष. मी पोचले तेव्हा राज्य स्पर्धा तोंडावर आली होती, आणि ही एक संधी गेली की मग पुन्हा नाही.

तेवढ्यात ती आली. दारात बूट आपटले, टोपी काढली आणि कमरेखालपर्यंत जाड वेणी सुटली. खांदे रुंद, गालांची हाडं वर आलेली. "मावशी!" म्हणून तिने मला चक्क उचललं. मी चांगली वजनदार बाई आहे. तिने खाली ठेवल्यावर मला माझाच पदर सापडेना.

स्वयंपाकघर

मेधाच्या ओट्यावर एक छोटा काटा आहे, सोनाराकडे असतो तसा. त्यावर तांदूळ, चिकन, ब्रोकोली, बदामसुद्धा मोजून. सकाळचं ईशाचं, दुपारचं ईशाचं, रात्रीचं ईशाचं. आणि जे ईशाचं तेच मेधाचं. उकडलेलं, अळणी. मी एकदा दुपारी म्हटलं, पोरगी शाळेत आहे, तोवर आपण दोघींपुरते पोहे टाकू. तर म्हणाली, "वास राहतो गं. ती दमून, भुकेली येणार, आणि घरात पोह्यांचा वास. तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने बसू?"

"मग ऑफिसात खात जा."

"एकटीला गोड लागत नाही."

फ्रीजमध्ये शिळं म्हणून काही नसे. मला रोज सकाळी फोडणीच्या भाताची सवय. खानावळीत रात्रीचा भात थोडा उरवतेच मी, उरला नाही तर कुणीतरी उपाशी उठलं असं समजते. मेधाकडे शीत उरत नव्हतं. मापून करायचं, मापून वाढायचं, भांडी घासून ठेवायची. मला ते बघवत नव्हतं, आणि बघवत नाही हे लपवणं मला जमत नाही. दोनदा आमचा खटका उडाला. दुसऱ्यांदा ती शांतपणे म्हणाली, "तुला वाटतं मी तिला उपाशी मारते. डॉक्टरांनी आखून दिलंय सगळं. घाम काढायचे, पाणी तोडायचे चाळे मी तिला करू देत नाही. नीट खाऊनच ती गटात राहते. पण चमचाभर जास्त मी घालू शकत नाही. आणि मीच तिची आई आहे."

रविवारी मात्र एक गोष्ट व्हायची. मेधा वाटीत तेल कोमट करायची. ईशा गालिच्यावर आईच्या गुडघ्यांमध्ये येऊन बसायची, कानात गाणी घालून, डोळे मिटून. मेधा तासभर तेल जिरवायची, गुंता काढायची, वेणी घालायची. आठवड्यात तेवढाच वेळ पोरगी जागची हलत नसे. एकदा मेधाने मान वर करून मला म्हटलं, "जेवायला घालता येत नाही, निदान केसांना घालते."

तालीम

मिरजेत आमच्या माहेरच्या मागच्या भिंतीला लागून तालीम होती. बाईमाणसाने त्या दारावरून जाताना मान वळवायची नाही, असा दंडक. पण भिंतीला कान लावायला कुणाची मनाई नव्हती. मी आणि मेधा परसात उभ्या राहून ऐकायचो. शड्डूचा आवाज, वस्तादांच्या शिव्या, मातीत अंग आपटल्याचा धप्प आवाज. मेधा इवलीशी, पण आवाजावरून सांगायची, "हा बंडूदादा पडला." बहुतेक वेळा बरोबर असायचं.

आणि आता तिच्या लेकीच्या तालमीत मी खुर्ची टाकून बसले होते. लाल मातीऐवजी निळी रबरी गादी, तेलाऐवजी फिनेलसारखा वास, आणि वस्तादांऐवजी कर्कश गाणी. वीसेक मुली एकमेकींना लोळवत होत्या. कुणी मान वळवून बघावं असं त्यांना काही वाटत नव्हतं, न बघावं असंही नाही. मला आमची ती भिंत आठवली आणि उगाच भरून आलं.

त्यांचा कोच म्हणजे आडवा-उभा सारखाच, लाल दाढीचा माणूस. माझ्याशेजारी येऊन बसला. माझं इंग्रजी खानावळीपुरतं आहे, पण तो सावकाश बोलला. म्हणाला, "युअर सिस्टर, शी ड्राइव्ह्ज एव्हरी माइल. बट शी नेव्हर वॉचेस. फोर इयर्स, आय ओन्ली सी द बॅक ऑफ हर कोट."

मी घरी येताना गाडीत मेधाला विचारलं, पोरीची कुस्ती कधीच का बघत नाहीस म्हणून. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "आईचीच नजर आधी लागते. आपली आई नाही का म्हणायची, लेकराला जेवताना टक लावून बघू नये? पहिल्या वर्षी पहिलीच कुस्ती मी पाहिली आणि तिचा खांदा निखळला. तेव्हापासून मी बाहेर थांबते."

"एवढी शिकलीस, कॉम्प्युटरवर कामं करतेस…"

"कॉम्प्युटरला नजर लागत नाही," ती म्हणाली. मग बराच वेळ आम्ही दोघी हसत होतो.

महाशिवरात्र

राज्य स्पर्धेचा पहिला दिवस आणि महाशिवरात्र पाठोपाठ आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोलंबसला त्या मोठ्या हॉलमध्ये वजनं व्हायची होती. आदल्या संध्याकाळी ईशा शाळेतून लवकर आली. मी देवापुढे बेल म्हणून मेधाच्या कुंडीतली कसली तरी तीन पानं वाहिली होती. शंकराला भाव पोचतो, झाड कुठलं हे तो विचारत नाही असं मी धरून चालले.

"मावशी, टुडे इज व्हॉट?"

"महाशिवरात्र. आज उपवास."

तिचे डोळे चमकले. "लाइक फास्टिंग? ओह, दॅट्स परफेक्ट! मी पण करते. टुमारो वेट आहे ना."

मलाही ते पटलं. देवाचं देवाला आणि वजनाचं वजनाला. उपवास म्हटल्यावर माझे हात आपोआप चालू लागले. साबुदाणा मी सकाळीच भिजवला होता, शेजारच्या नागपूरच्या काकूंनी इंडियन स्टोअरमधून आणून दिलेला. दाण्याचं कूट, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या गुळातल्या फोडी. उपवास म्हणजे एवढं तरी लागतंच. आमच्याकडे कुणी विचारतच नाही की उपवासाला जेवढं खातो तेवढं एरवी तरी खातो का. ईशाला उपवास म्हणजे न खाणं एवढंच ठाऊक होतं, आणि मला उपवास म्हणजे हे सगळं. त्या दोन उपवासांत केवढं अंतर आहे ते तिलाही कळलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

तुपात जिरं तडतडलं, मिरच्या पडल्या. पहिल्यांदा त्या घराला वास आला. त्याच क्षणी गराजचं दार वाजलं आणि मेधा आली.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबली. कोट अंगात, हातात गाडीच्या किल्ल्या. मी कढई खाली उतरवली आणि बोलणी खायला तयार झाले. पण तिने डोळे मिटून श्वास घेतला. मग विचारलं, "दाण्याची आमटी केलीस?"

"केलीय."

कोटासकट ती खुर्चीवर बसली. ईशा आईच्या तोंडाकडे बघत होती. दुपारी शाळेत केलेल्या वजनात ती आकड्याच्या चांगली खाली होती, तेवढी जागा आहे असं मेधाच्या मनाने घेतलं असावं. किंवा मनाने काहीच घेतलं नसेल, नुसती भूक लागली असेल. वर्षानुवर्षांची.

"खा थोडं," मेधा म्हणाली. "देवाचं आहे."

त्या संध्याकाळी आम्ही तिघी एका टेबलाशी एकच जेवलो. मेधा आमटी ओरपत होती, कोट अजून अंगातच. ईशाने खिचडी खाल्ली, मग आमटी घेतली, मग "दिस इज सो गुड" म्हणून रताळं. थोडं म्हणजे किती, हे मी पोरांना वाढून वाढून ओळखते. ते थोडं नव्हतं. पण त्या दोघींच्या तोंडावर जे होतं, ते बघून माझा हात आखडला नाही.

कोलंबस, वजनकाटा

सकाळी हॉलच्या मागच्या दाराशी शेकडो मुली रांगेत. डोळे खोल गेलेल्या, हूड ओढलेल्या, कुणी कुणाशी न बोलणाऱ्या. आपल्याकडे परीक्षेच्या दारात असतात तशा. आया-बाप बाजूला, हातात केळी आणि पाण्याच्या बाटल्या, वजन झालं की लगेच द्यायला. वजन आत बंद खोलीत, बायकाच घेतात.

ईशा बाहेर आली ती पांढरी पडून. "आय ॲम ओव्हर. हाफ अ पाउंड."

अर्धा पौंड म्हणजे आपलं पाव किलो. वाटीभर खिचडी, वाटीभर आमटी आणि त्यातल्या मिठाने धरून ठेवलेलं पाणी. वजनाची ठरलेली वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर उभं राहता येतं, मग नाही. ईशाने हूड ओढलं आणि ती लांबच लांब बोळात पळायला लागली. मेधा, ऑफिसचे बूट घातलेली, तिच्याबरोबर पळायला लागली. या टोकाकडून त्या टोकाकडे. भिंतीला टेकलेली माणसं पाय आत घेऊन त्यांना वाट देत होती. कुणी हसलं नाही. प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या रांगेत होतं.

माझ्याशेजारी एक दणकट बाई उभी होती, शेतावरची, हाताला भेगा. तिचं नाव लॉरी. तिची मुलगी वजन देऊन आली होती आणि भिंतीशी बसून सँडविच खात होती. लॉरीने मला विचारलं, "युअर गर्ल?" मी मान हलवली. "सिंगल मॉम?" तिने मेधाकडे बोट केलं. मी पुन्हा मान हलवली. ती म्हणाली, "मी टू," आणि तिच्या हातातलं केळं माझ्या हातात ठेवलं. का ते मला कळलं नाही, पण मी घेतलं.

ईशा पुन्हा आत गेली, पुन्हा बाहेर आली. आता फारच थोडं उरलं होतं, एक दशांश पौंड. पण अंगात घाम उरला नव्हता आणि वेळही संपत आली होती. ती भिंतीला टेकली.

मी म्हटलं, "मी खायला घातलं गं. माझ्यामुळे झालं."

"तू नाही. मी खा म्हटलं," मेधा म्हणाली. "चार वर्षांत एकदा. मलाच राहवलं नाही. चूक माझी आहे."

"अगं पण रांधलं मी…"

"गाइज, स्टॉप!" ईशा ओरडली. मग तिने वेणी पुढे घेतली. "आई. कट इट."

मेधाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने दोन्ही हात मागे घेतले. "नाही. दुसरं काहीतरी करू. नाही, ईशू."

"देअर इज नो दुसरं. आई, प्लीज."

कोचकडे कात्री होती, दुखऱ्या मनगटांना बांधायच्या पट्ट्या कापायची, बोथट टोकाची. बायकांच्या स्वच्छतागृहात ईशा बेसिनसमोर मान वाकवून उभी राहिली. लॉरी न बोलावता आली आणि तिच्या खांद्यावर टॉवेल धरून उभी राहिली. कात्री मेधाच्या हातात होती. मी म्हटलं, "दे, मी कापते." तिने दिली नाही.

ती कात्री केस कापायची नव्हती. रविवारचं तेल अजून केसांत होतं, त्यावरून पाती घसरत होती. मेधा एकेक पेड वेगळा करून कापत होती, दातांत ओठ धरून. मानेपासून वर, कानांमागून, जेवढं निघेल तेवढं. ईशाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मान हलली नाही. मी माझ्या लहानपणी केस उतरवलेल्या बायका पाहिल्या होत्या, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इथे पोरीने स्वतः मान पुढे केली होती.

वेणी सुटून मेधाच्या हातात आली. तिने ती कागदी टॉवेलात गुंडाळली आणि पर्समध्ये ठेवली. ईशाने डोक्यावरून हात फिरवला, आरशात एकदा पाहिलं आणि पळाली.

आम्ही तिघी दाराबाहेर उभ्या. मेधाने लॉरीचा हात धरला होता. दोघींची आधी ओळखही नव्हती. दार उघडलं, ईशाने अंगठा वर केला आणि म्हणाली, "मावशी, बनाना!" लॉरीचं केळं अजून माझ्या मुठीत होतं.

दाराबाहेर

पुढचे दोन दिवस मी कुस्त्या पाहिल्या. एकाच वेळी दहा-दहा गाद्यांवर. मला नियम कळत नव्हते, पण पाठ लागली की संपलं एवढं मिरजेच्या बाईला कळतं. ईशा एकेक जिंकत वर सरकत होती. कापलेले केस कानांवर उभे राहिले होते. तिच्याकडे पाहून माझी मावशीची माया मनातल्या मनात शिवीगाळ करत होती, समोरच्या मुलीला. तीही कुणाची तरी लेकच, पण त्या वेळी सुचत नाही.

मेधा बाहेरच्या बोळात, पॉपकॉर्नच्या स्टॉलपलीकडे, पाणी प्यायच्या नळाशेजारी उभी असायची. भिंतीकडे तोंड. प्रत्येक कुस्तीनंतर मी बाहेर जाऊन सांगायची आणि ती मान डोलवायची. मी म्हटलं, "लहानपणी तुला आवाजावरून कळायचं." ती म्हणाली, "तिथे एकच भिंत होती. इथे गर्दी ओरडते, पण कुणासाठी ते कळत नाही."

शेवटची कुस्ती रविवारी दुपारी. आता सगळ्या हॉलमध्ये एकच गादी, वर दिवे, बाकी अंधार. समोर गेल्या वर्षीचीच मुलगी, उंच, लांब हातांची. हिनेच ईशाला हरवलं होतं. पहिला भाग बरोबरीत. दुसऱ्यात ईशाला तिने खाली दाबलं आणि ईशा एका गुणाने मागे पडली. मी बाकावर उभी राहिले. मागच्या माणसाने बसा म्हटलं असेल, मी ऐकलं नाही.

घड्याळ संपत आलं. ईशा त्या मुलीच्या पायात शिरली. एक पाय हाताला लागला, सुटला, पुन्हा लागला. ती मुलगी तिच्या पाठीवर लोंबकळत होती, धरायला मानेवर वेणीही उरली नव्हती. ईशाने तिला उचललं. अगदी तसंच, जसं मला दारात उचललं होतं. आणि गादीवर टेकवलं, तसे फळ्यावर तिचे गुण पुढे गेले. घंटा झाली. पंचाने ईशाचा हात वर केला.

मी बाहेर पळाले. मेधा त्याच जागी, भिंतीकडे तोंड करून. माझी चाहूल लागली तशी वळली. मला बोलता येईना. तोंड उघडलं की हुंदकाच यायचा. मी नुसती तिच्यासमोर उभी.

मेधाचा चेहरा उतरला. तिने माझे खांदे धरले. "लागलं का गं तिला?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"नक्की? खांदा बरा आहे?"

मी हो म्हटलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "मग काही हरकत नाही. रडू नकोस ताई. हरली तर हरली."

"जिंकली गं," मी कसंबसं म्हटलं. "पहिली आली."

मेधाने माझे खांदे सोडले. ती नळाकडे वळली, वाकली आणि पाणी पीत राहिली. किती तरी वेळ. मग तिने बाहीने तोंड पुसलं, पर्स काखेत नीट घेतली आणि म्हणाली, "चल." आणि चार वर्षांनी पहिल्यांदा कुस्तीच्या दारातून आत गेली.

परत डब्लिनला

संध्याकाळी घरी आलो. सीझन संपला होता. मेधाने गराजमधून माझे सगळे डबे आणले, ओट्यावर ओळीने मांडले. स्वयंपाक मात्र तिने मला करू दिला नाही. "तू बस. आज मी करते." लसणाची फोडणी पडली, वरण खदखदलं, बटाट्याच्या काचऱ्या कढईत चरचरल्या. घरभर वास झाला. मी गालिच्यावर पाय पसरून बसले आणि मला पहिल्यांदा त्या घरात आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

ईशा केसांतून हात फिरवत टेबलाशी आली. गळ्यातलं पदक काढून तिने मिठाच्या डबीशेजारी ठेवलं. वरण, भात, वर तूप, लोणच्याची फोड, चटणी. तिने पहिला घास घेतला. मान खाली घालून जेवत राहिली. मेधा समोर बसून तिच्याकडे बघत होती. टक लावून. जेवताना बघू नये हे ती विसरली, आणि मी आठवण केली नाही.

ताट रिकामं झालं. ईशाने ते पुढे केलं. "आई, अजून भात वाढ."

मेधा उठून आत गेली. मी वाट बघितली. भातवाढीचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. मी उठून आत गेले. ती ओट्याशी उभी होती, भाताचं पातेलं दोन्ही हातांत धरून. त्याच्या तळाशी दोन-चार शितं चिकटली होती.

"संपला, ताई," ती म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. वजनाच्या वेळी आलं नाही, जिंकल्यावर आलं नाही, ते आत्ता. "मी मोजूनच लावला गं. सवयीने. पोरीने इतक्या वर्षांनी अजून मागितलं आणि माझ्या घरात भात नाही. मला अंदाजच राहिला नाही."

मी तिच्या हातातून पातेलं घेतलं. ओट्यावरचा काटा उचलून खालच्या कपाटात ठेवून दिला. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि खानावळीत घेते तशा मुठी भरून काढत गेले, एक, आणखी एक, उरला तर उरू दे म्हणून आणखी एक. मेधाने तांदूळ धुतले आणि कुकर गॅसवर चढवला.

बाहेरून ईशाचा आवाज आला. "आई? इज देअर मोअर?"

"आहे बाळा," मेधा म्हणाली. "शिजतोय."